खफजीहून नववा शुक्रवार

आखातातून रजेवर आलेल्या माणसाला गावात दोन प्रश्न हमखास विचारतात. सोनं किती आणलंस, आणि तिकडे बघण्यासारखं काय आहे? पहिल्या प्रश्नाला मी नुसता हसतो. दुसऱ्याला ‘काही नाही’ म्हणतो, आणि खफजीपुरतं ते खरंच आहे. पण खफजीहून कुवेतला जाणारा एक रस्ता आहे. त्या रस्त्यावरून मी नऊ वेळा गेलो आणि नवव्या वेळी जे घडलं ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. लोक वेळांकणीला जातात, लूर्डला जातात आणि परतल्यावर वर्षभर सांगत बसतात. माझी यात्रा एका डगमगत्या पिकअपमधून झाली म्हणून ती काय यात्रा नाही?

खफजी

खफजी म्हणजे सौदी अरेबियाचं उत्तरेकडचं टोक. पलीकडे कुवेतची हद्द. गावाला समुद्र आहे, पण किनाऱ्यावर एक माड नाही, वाळत घातलेली मासळी नाही. पाण्यात लांबवर लोखंडी फलाट उभे आणि त्यांच्यावर दिवसाढवळ्या जळणाऱ्या वायूच्या ज्योती. मी त्या फलाटांवर व्हॉल्व्हचा फिटर होतो. तेलाला नुकता भाव आला होता, कंपन्या मिळेल तिथून माणसं गोळा करत होत्या. मीही कारखान्यातली नोकरी सोडून, वसईची केळीची वाडी धाकट्या भावावर सोपवून विमानात बसलो.

निघताना आईने लोणच्याची बरणी दिली आणि एक प्रश्न दिला.

“तेलाच्या देशात चाललास, इनास. पण वेळ आली तर तुझ्या कपाळाला तेल लावायला तिथे फादर आहेत का?”

आम्हा कॅथलिकांत माणूस शेवटच्या घटका मोजू लागला की फादरना बोलावतात. ते त्याचं पापनिवेदन ऐकतात, कपाळाला आणि हातांना आशीर्वादित तेल लावतात, ख्रिस्तप्रसाद देतात. हे न होता कुणी गेला तर आमच्या आळीत बायका त्याच्याबद्दल खालच्या आवाजात बोलतात. सौदीत ना चर्च, ना फादर. आणि माझं काम असं, की एक जॉइंट सुटला तर फादर जवळ असूनही उपयोग झाला नसता.

उपायही आईनेच काढला. नऊ पहिले शुक्रवार. येशूच्या पवित्र हृदयाची ही जुनी भक्ती आहे. दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, ऐकायची, स्वच्छ मनाने ख्रिस्तप्रसाद घ्यायचा, असे सलग नऊ महिने. जो हे पाळेल तो अखेरच्या संस्कारांवाचून मरणार नाही, असं वचन आहे. मात्र एक जरी शुक्रवार चुकला तरी केलेलं सगळं पाण्यात, पुन्हा एकपासून सुरुवात. सोळा सोमवार करणाऱ्यांना याहून जास्त समजावून सांगायची गरज नाही.

“आई, चर्चच नाही तर मी शुक्रवार करू कुठे?”

“ते मला नको विचारूस. शोध.”

शिवाय तिच्या स्वतःच्या दोन अटी होत्या. शुक्रवारी मटण-कोंबडी वर्ज्य, आणि ख्रिस्तप्रसाद घ्यायचा त्या दिवशी मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंबही नाही. मी म्हटलं, हल्ली तासभर उपाशी राहिलं तरी चालतं, फादर म्हणतात. ती म्हणाली, “फादर तरुण आहेत.”

खफजीला पोचल्यावर कळलं की इथे शुक्रवारचीच सुट्टी असते. वसईत पहिल्या शुक्रवारी मिस्सेला जायचं तर कारखान्यात अर्ध्या रजेसाठी हातापाया पडावं लागे, आणि इथे अख्ख्या राज्याने तो वार मोकळा ठेवलेला. मला वाटलं, पवित्र हृदयानेच सोय केली आहे. पण कॅम्पात शुक्रवार हाच आमचा रविवार झाला होता, त्यामुळे आठवड्याची बिर्याणीही नेमकी शुक्रवारी. दोनशे माणसं मटणाच्या नळ्या चोखत बसलेली आणि मी डाळ-भात घेऊन कोपऱ्यात. संतांनी अंगावर आसूड ओढून घेतले असं वाचलं आहे. खफजीच्या कॅम्पात बिर्याणीकडे पाठ फिरवून बसणं त्याहून सोपं नव्हतं, एवढंच सांगतो.

जपमाळ मी घरीच ठेवली होती, उगाच नाक्यावर झडती नको म्हणून. तिच्याऐवजी एका तारेत दहा छोटे नट ओवले आणि एक मोठा. फिटरच्या खिशात नट सापडले तर कुणाला काय वाटणार? फलाटावर जेवणाच्या सुट्टीत मी त्यांच्यावर ‘नमो मारिया’ म्हणत असे. हाताला ग्रीस लागलेलं, त्यामुळे माझी प्रार्थना नेहमीच जरा घसरती होती.

आणि चर्च? ते दाऊदभाईंनी शोधून दिलं. दाऊदभाई दापोलीचे, कंपनीचे ड्रायव्हर, अकरा वर्षं आखातात मुरलेले. दर आठवड्याला कुवेतहून सुटे भाग आणायचे ते त्यांनीच. माझी हकिकत ऐकून ते म्हणाले, “अरे मेल्या, आधी नाय बोललास? कुवेतात तुमचा मोठा देऊळ हाय की. मी त्याच्या पुढ्यातनंच जातंय.”

सुटे भाग पारखून घ्यायला फिटर हवाच, असं त्यांनी आमच्या इंग्रज साहेबाला पटवलं. साहेब समजायचं ते समजला. दर महिन्याला तो तारखेसह परवानगीचा कागद देई. गुरुवारी संध्याकाळी कुवेतच्या बाजारात माल घ्यायचा, दाऊदभाईंच्या मावसभावाकडे मुक्काम, शुक्रवारी सकाळी मी मिस्सेला, दुपारी दाऊदभाई जुम्म्याच्या नमाजाला आणि संध्याकाळी परत. असे आठ शुक्रवार झाले. मे महिन्याच्या रजेआधी नऊ पुरे होणार होते, आणि मी आईला तसं आगाऊ कळवूनही टाकलं. माझा स्वभावच उतावळा.

नाका

नववा शुक्रवार फेब्रुवारीत आला. साहेब रजेवर विलायतेला गेला होता, म्हणून परवानगीचा कागद ऑफिसातल्या मिसरी, म्हणजे इजिप्तच्या, कारकुनाने लिहून दिला. सगळं अरबीत, सुंदर वळणदार. मला त्यातलं ओ की ठो कळलं नाही. तशात गुरुवारी फलाटावर एक व्हॉल्व्ह अडकला आणि रात्र तिथेच गेली. बोट शुक्रवारी सकाळी किनाऱ्याला लागली तेव्हा दाऊदभाई पिकअप चालू ठेवून धक्क्यावरच उभे होते. कुवेतच्या चर्चमधली शेवटची मिस्सा साडेअकराची. पोचायला दोन तास धरले तरी वेळ भरपूर होता.

फेब्रुवारीतलं वाळवंट आमच्या लोकांनी पाहायला हवं. हुडहुडी भरते. उजव्या हाताला समुद्र शिशाच्या रंगाचा, डाव्या हाताला पांढरट खारी जमीन, आणि मध्येच पावसाच्या दोन सरींनी उगवलेलं बोटभर गवत. त्यावर उंट इतक्या आवडीने तोंड टाकून होते की पाहून मलाही भूक लागली. मध्यरात्रीपासून पोटात काही नव्हतं.

नाक्यावर नेहमीचा शिपाई नव्हता. आतल्या खोलीत एक वयस्कर अधिकारी बसला होता. पांढरी दाढी, जाड भुवया, समोर शेगडी आणि तिच्यावर पितळी चोचीची किटली. त्याला सगळे अबू नासिर म्हणत होते. त्याने कागद वाचला, आमच्याकडे पाहिलं आणि कागद परत केला.

दाऊदभाईंचा चेहरा उतरला. “इनास, यो म्हणतो पुढल्या शुक्रवारी या.”

“का?”

“त्या मिसऱ्याने तारीखच नाय घातली. नुसतं लिवलंय, महिन्याचा पहिला शुक्रवार. आज मोहरमची पंचवीस. सफर महिना लागायचा हाय अजून. त्याचा पहिला शुक्रवार पुढल्या हप्त्यात.”

माझ्या डोक्यात तेव्हा कुठे उजेड पडला. ज्या देशाचे महिने चंद्र पाहून बदलतात, तिथे मी कारकुनाला ‘महिन्याचा पहिला शुक्रवार’ एवढंच सांगून आलो होतो. कुठला महिना ते सांगायचं मला सुचलं नाही, विचारायचं त्याला सुचलं नाही. ज्याच्या-त्याच्या भिंतीवर ज्याचं-त्याचं कॅलेंडर. आणि आज सुट्टी, म्हणजे कागद बदलून आणायला ऑफिसही बंद.

मी तापट माणूस आहे. दर महिन्याच्या पापनिवेदनात राग हे माझं पहिलं पाप असतं आणि पुढच्या महिन्यातही तेच असतं. मी हिंदी, इंग्रजी आणि मराठीची मिसळ करून जोरजोरात बोलू लागलो. जगभर आज फेब्रुवारी आहे, आठ महिने मी इथून गेलो आहे, माझा इकामा, राहण्याचा परवाना, बघा, कंपनीचा शिक्का बघा. दाऊदभाईंनी माझा दंड इतका घट्ट दाबला की कळ आली.

“गप. त्याने कावा ओतलाय. बस खाली.”

अबू नासिर माझ्या आरडाओरड्याकडे लक्ष न देता तीन छोट्या कपांत कावा, म्हणजे अरबांची बिनदुधाची कॉफी, ओतत होता. वेलदोड्याचा वास खोलीभर पसरला. समोर खजूर. त्याने पहिला कप उचलला आणि स्वतःच्या हाताने माझ्यापुढे धरला.

आता पंचाईत बघा. अरबाच्या हातचा कावा नाकारणं म्हणजे आपल्याकडे भरल्या ताटावरून उठण्यासारखं. आणि ज्याच्या मर्जीवर माझा नववा शुक्रवार अवलंबून, त्याचाच कप. प्यालो, तर चर्चमध्ये पोचूनही काय उपयोग? तासभराच्या नियमात माझा उपवास मोडला नसता हे मला ठाऊक होतं. फादरांनी मला माफच केलं असतं. पण माझा करार फादरांशी नव्हता. मी दोन्ही हात छातीवर ठेवले आणि कॅम्पात रमजानच्या महिन्यात शिकलेला एकच शब्द बोललो.

“साइम.” मी उपाशी आहे, माझा रोजा आहे.

कप हवेतच थांबला. अबू नासिरच्या भुवया वर गेल्या. तो दाऊदभाईंना काहीतरी बोलला, आणि दाऊदभाई मला म्हणाले, “विचारतो, नुसत्या शुक्रवारचा रोजा कोण धरतो? आमच्यात एकट्या शुक्रवारचा धरत नाय. तुला कुणी शिकवला?”

“सांगा, मी मुसलमान नाही. ख्रिस्ती आहे.”

“सांगू? नीट विचार कर, बाबा.”

“सांगा. खोटं बोलून मिस्सेला जायचं तर घरी बसलेलं बरं.”

दाऊदभाईंनी सांगितलं. ‘नसरानी’, म्हणजे ख्रिस्ती, एवढा शब्द मला कळला. दारातल्या शिपायाने मान वळवून पाहिलं. अबू नासिरने कप खाली ठेवला आणि मला विचारलं, कुवेतला जाऊन काय करणार? मी सगळं सांगितलं. आई, तेल, नऊ शुक्रवार, आठ झालेले, नववा आजचा. दाऊदभाई एकेक वाक्य अरबीत करत होते. शेवटी मी म्हणालो, आज चुकला तर पुन्हा एकपासून.

हे शेवटचं वाक्य अबू नासिरने दोनदा सांगायला लावलं.

“पुन्हा एकपासून?”

“एकपासून.”

त्याने शेगडीतले निखारे सारखे केले आणि तो हळूहळू बोलू लागला. दाऊदभाईंनी मला सांगितलं ते असं. काही वर्षांपूर्वी, या भागात नव्या गाड्या येऊ लागल्या तेव्हा, अबू नासिर नवीनच गाडी शिकला होता. धुळीच्या वादळात त्याच्या गाडीखाली एक मेंढपाळ सापडून मेला. मेंढपाळाच्या घरच्यांनी माफ केलं, पण देवाकडचं प्रायश्चित्त राहिलं. सलग दोन महिने रोजे, एकाही दिवसाचा खंड नाही. त्याने एकेचाळीस धरले. बेचाळिसाव्या दिवशी टोळीतला एक म्हातारा पाहुणा आला, त्याने स्वतःच्या हाताने कावा पुढे केला, आणि त्याचा मान राखायला हा एक घोट प्याला.

“मग?” मी विचारलं.

“मग काय? पुन्हा एकपासून,” दाऊदभाई म्हणाले. “साठच्या साठ.”

मघाशी मी ज्या माणसावर ओरडलो होतो त्याच्यासमोर मला लाज वाटली. घरी आम्ही नऊ शुक्रवारांचा केवढा बडेजाव करतो. हा माणूस एकशे एक दिवस उपाशी राहिला होता आणि त्याबद्दल कुणाला काही सांगायची गरज त्याला आजपर्यंत वाटली नव्हती.

त्याने हात पुढे करून पुन्हा कागद मागितला. चष्मा लावला आणि ओळीवर बोट ठेवून वाचला.

“तुमच्या महिन्याचा आज पहिला शुक्रवार आहे?”

“आहे.”

“देवाची शपथ?”

“देवाची शपथ.”

“मग कागद बरोबर आहे,” अबू नासिर म्हणाला. “महिन्याचा पहिला शुक्रवार असं लिहिलंय. कुणाचा महिना ते लिहिलेलं नाही.”

आणि त्याने शिक्का मारला. खाडकन. तो आवाज मला आमच्या चर्चच्या घंटेइतका गोड वाटला. निघताना तो दाऊदभाईंना म्हणाला की याच्या देवळाशी मला काही घेणं-देणं नाही, पण मोजणी मला समजते. यल्ला, जा, उशीर करू नका.

कुवेत

साडेनऊ वाजून गेले होते. पुढे कुवेतच्या नाक्यावर अर्धा तास गेला, आणि मग दाऊदभाईंनी पिकअप अशी हाणली की मागचं रिकामं पिंप उडून रस्त्यात पडलं. “ऱ्हाऊ दे ते,” ते म्हणाले, “साहेबाला सांगू वारा होता.” मी खिशातल्या नटांवर जपमाळ सुरू केली. पहिल्या दहात होतो तेव्हा एक उंट रस्त्याच्या मधोमध उभा होता. दाऊदभाईंनी त्याला अरबीत, हिंदीत आणि शेवटी दापोलीच्या भाषेत समजावलं. शेवटचं त्याला कळलं.

अकरा वाजून पंचवीस मिनिटांनी आम्ही चर्चच्या दारात होतो. कुवेतचं ते चर्च पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी चक्रावलो होतो. गोव्याचे, मंगळूरचे, केरळचे लोक, आणि त्यांच्यात सुटाबुटातले लेबनॉनचे अरब. तोवर अरब म्हणजे मुसलमान असंच मी धरून चाललो होतो. त्यांचे फादर अरबीत प्रार्थना करताना देवाला ‘अल्लाह’ म्हणाले तेव्हा मी दचकून मागे पाहिलं होतं. नंतर कळलं, त्यांच्या भाषेत देवाला दुसरा शब्दच नाही, आणि त्यांचे पूर्वज आमच्या वसईत पहिला क्रूस रोवला गेला त्याच्याही कितीतरी आधीपासून ख्रिस्ती आहेत. आपण आपल्या चर्चच्या बुरुजावरून जेवढं दिसतं तेवढ्यालाच जग समजतो.

पापनिवेदनाला रांग होती, पण फादरांनी मला धापा टाकताना पाहून पुढे घेतलं. मला मराठीत पाप करायची सवय, आणि फादरांना इंग्रजीशिवाय कळत नाही. त्यामुळे माझी पापं मी पाठ करूनच जात असे. त्या दिवशी म्हणालो, फादर, राग, आजच, नाक्यावर, एका चांगल्या माणसावर. फादर म्हणाले, त्याच्यासाठी एक प्रार्थना म्हणा. ती म्हणायला मला कुणी सांगायची गरज नव्हती.

मिस्सेत मला फारसं काही ऐकू आलं नाही, कारण पोटात कावळे ओरडत होते. मग रांग लागली. मी पुढे सरकलो. फादरांनी ख्रिस्तप्रसाद उचलून म्हटलं, “ख्रिस्ताचं शरीर,” आणि मी ‘आमेन’ एवढ्या मोठ्याने म्हणालो की शेजारच्या बाईंच्या कडेवरचं पोर रडायला लागलं. जागेवर येऊन गुडघे टेकले आणि मी ढसाढसा रडलो. दुःखाने नव्हे. शर्यत जिंकलेला माणूस रडतो तसा. वसई ते खफजी आणि खफजी ते कुवेत, मधे समुद्र, हद्द, शिक्के, दोन-दोन कॅलेंडरं आणि माझा तोंडाळपणा, इतकं सगळं आडवं येऊनही मी आईला दिलेला शब्द पाळला होता. भक्तीत म्हणे अहंकार नसावा. त्या क्षणी माझ्यात तो खच्चून भरला होता आणि देवाने तेवढा चालवून घेतला असावा.

बाहेर आलो तर दाऊदभाई पिकअपला टेकून उभे.

“जुम्मा?” मी विचारलं.

“प्रवासाला निघालेल्यावर जुम्म्याची सक्ती नाय. दुपारची नमाज पढलो हितंच, कडेला. तू सांग. झाला?”

“झाला.”

“नऊ?”

“नऊ.”

दाऊदभाई गाडीत बसले आणि त्यांनी हॉर्न वाजवला. एकदा नाही, मोजून नऊ वेळा, प्रत्येकाच्या मधे जरा थांबून. चर्चमधून बाहेर पडणारे लोक बघत राहिले. एक पोलीस आला आणि काय चाललंय म्हणून विचारू लागला. दाऊदभाई म्हणाले, माझ्या भावाचं काम झालं.

मग आम्ही बंदराजवळच्या एका इराण्याच्या खानावळीत जेवलो. तिकडे झुबैदी म्हणतात ते आपलं पापलेटच. वसईत आई आंबट-तिखट कालवण करते तसं नव्हतं, निखाऱ्यावर भाजून वर नुसतं लिंबू पिळलेलं, पण बारा तासांच्या उपवासानंतर त्यातला काटाही मला गोड लागला. दाऊदभाई एकावर थांबले. मी तीन खाल्ले. संध्याकाळी परतताना नाक्यावर पाळी बदलली होती आणि अबू नासिर पुन्हा कधीच दिसला नाही.

घरी मी लगेच पत्र टाकलं. आईला वाचता येत नाही, म्हणून मोठ्या बहिणीला उद्देशून. नाक्याची, रोज्याची, हॉर्नची सगळी हकिकत चार पानं भरून लिहिली. तीन आठवड्यांनी उत्तर आलं. अक्षर बहिणीचं, पण शब्द कुणाचे ते पहिल्या ओळीलाच कळलं. आईने लिहवलं होतं: “नऊ झाले, बरं वाटलं. त्या दाढीवाल्या साहेबाला देव सुखी ठेवो. आता तू तिकडे मेलास तरी मला काळजी नाही. पण मरू नकोस. मे महिन्यात घर शाकारायचं आहे.”